राष्ट्रसंघाचे शिल्पकार : वुड्रो विल्सन

गावातील दोन शेतकऱ्यांत बांधावरून तंटा झाला, तर तो मिटविण्यास पंच असतात. पंचांनी भागले नाही तर न्यायालय असते आणि न्यायालयाचा निकाल न मानणाऱ्यास वठणीवर आणण्यास पोलीसही असतात. परंतु दोन राष्ट्रांत तंटा उद्भवला, तर त्यांनी कोणाच्या दारी जावे? शेकडो वर्षे या प्रश्नाला युद्ध हेच उत्तर मिळत आले. ते उत्तर बदलण्याचा पहिला मोठा प्रयत्न विसाव्या शतकात राष्ट्रसंघाच्या रूपाने झाला. त्या प्रयत्नामागे अनेक देशांतील विचारवंतांचे परिश्रम होते. पण ज्यांनी त्यासाठी आपला अधिकार, आपली कीर्ती आणि अखेर आपले आरोग्यही पणास लावले, ते अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन होत. राष्ट्रसंघ जन्मास आला तो बव्हंशी त्यांच्या निश्चयामुळे. आणि जन्मापासूनच तो दुबळा राहिला, त्याचे एक कारणही त्यांच्या त्या निश्चयातच होते.

वुड्रो विल्सन यांचा जन्म २८ डिसेंबर १८५६ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात स्टाँटन या गावी झाला. त्यांचे वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. पुढे हे कुटुंब जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा या गावी राहण्यास गेले. वुड्रो चार वर्षांचे असताना अमेरिकेत यादवी युद्धास तोंड फुटले. गुलामगिरीच्या प्रश्नावरून दक्षिणेकडील राज्ये उत्तरेपासून फुटून निघाली आणि चार वर्षे एकाच देशाचे लोक एकमेकांचे रक्त सांडीत राहिले. वुड्रो यांच्या वडिलांनी दक्षिणेची बाजू घेतली होती. त्यांच्या चर्चमध्ये जखमी सैनिकांचे रुग्णालय उघडण्यात आले व आवारात उत्तरेकडील युद्धकैदी ठेवण्यात आले. युद्ध म्हणजे काय, हे या बालकाने पुस्तकात वाचण्यापूर्वी आपल्या घराशेजारी पाहिले.

पुस्तके वाचणे तर त्यांना फार उशिरा साधले. दहा वर्षांचे होत आले तरी त्यांना सराईतपणे वाचता येत नव्हते. पण वडिलांनी धीर सोडला नाही. ते मुलाला एखादी गोष्ट समजावून देत, ती त्याला आपल्या शब्दांत सांगावयास लावीत आणि एकही शब्द सैल राहू देत नसत. या शिकवणीमुळे वुड्रो यांची वाणी घडली. मुलांनी मिळून चेंडूफळीचा एक संघ काढला, तेव्हा त्या संघासाठी त्यांनी रीतसर घटना लिहून काढली आणि सभेचे नियम घालून दिले. महाविद्यालयात गेल्यावर त्यांनी वादविवाद मंडळ स्थापन केले, त्याचीही घटना त्यांनीच लिहिली. नियम लिहून ठेवले आणि सर्वांनी ते मान्य केले, म्हणजे भांडणाचे मूळच नाहीसे होते, अशी त्यांची श्रद्धा होती. ती श्रद्धा त्यांना जन्मभर पुरली.

प्रिन्स्टन येथील महाविद्यालयातून इ. स. १८७९ मध्ये ते पदवीधर झाले. काही काळ त्यांनी वकिली करून पाहिली. पण त्या धंद्यात त्यांचे मन रमले नाही. ते पुन्हा अभ्यासाकडे वळले. राज्यकारभाराच्या पद्धतींवर त्यांनी ग्रंथ लिहिले, डॉक्टरेटची पदवी मिळविली आणि इ. स. १८९० मध्ये प्रिन्स्टन येथेच प्राध्यापक म्हणून ते रुजू झाले. त्यांची व्याख्याने ऐकण्यास विद्यार्थी दाटी करीत. बारा वर्षांनी, इ. स. १९०२ मध्ये, त्या विद्यापीठाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

या पदावर असताना त्यांच्या स्वभावाच्या दोन्ही बाजू जगासमोर आल्या. शिक्षणाचा दर्जा वाढविण्यासाठी त्यांनी तरुण अध्यापकांची नेमणूक केली आणि विद्यार्थ्यांचे छोटे गट करून शिकविण्याची पद्धत सुरू केली. तिचा मोठा गौरव झाला. परंतु पुढे पदव्युत्तर विद्यालयाची इमारत कोठे असावी, यावरून सहकाऱ्यांशी मतभेद झाला, तेव्हा ते तडजोडीस तयार झाले नाहीत. आपली बाजू न्यायाची आहे, अशी एकदा खात्री पटली की विरोधकाच्या म्हणण्यात काही तथ्य असू शकेल, ही गोष्टच त्यांच्या मनास शिवत नसे. त्या वादात त्यांचा पराभव झाला. इ. स. १९१० मध्ये विद्यापीठ सोडून ते राजकारणात उतरले, न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर झाले, आणि इ. स. १९१२ च्या निवडणुकीत थेट अमेरिकेच्या अध्यक्षपदी निवडून आले. प्राध्यापकाच्या खुर्चीवरून राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीवर येणारा असा पुरुष विरळाच.

अध्यक्ष म्हणून त्यांनी पुष्कळ सुधारणा केल्या. देशातील बँकांचा कारभार सुरळीत चालावा म्हणून इ. स. १९१३ मध्ये मध्यवर्ती बँकव्यवस्था उभी केली. पण त्यांच्या कारकीर्दीवर एक काळा डागही आहे. सरकारी कचेऱ्यांत काळ्या व गोऱ्या कर्मचाऱ्यांना वेगवेगळे बसविण्याची प्रथा त्यांच्या राजवटीत वाढली आणि काळ्या नागरिकांनी तक्रार केली असता त्यांनी त्या प्रथेचे समर्थन केले. न्यायाचा पुरस्कार करणाऱ्या या पुरुषाची दृष्टी येथे तोकडी पडली, हे विसरून चालणार नाही.

इ. स. १९१४ च्या उन्हाळ्यात युरोपात महायुद्ध पेटले. त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात विल्सन यांच्या पत्नी एलेन यांचे निधन झाले. घरातील दुःख गिळून त्यांनी आपला देश युद्धापासून दूर ठेवण्याचा यत्न केला. परंतु जर्मनीच्या पाणबुड्या प्रवासी जहाजेही बुडवू लागल्या. इ. स. १९१५ च्या मे महिन्यात लुसिटानिया नावाचे ब्रिटिश जहाज बुडाले आणि सुमारे १,२०० माणसे प्राणास मुकली. त्यांत १२८ अमेरिकन होते. तरीही विल्सन यांनी आणखी जवळजवळ दोन वर्षे संयम राखला. जर्मनीने निर्बंध झुगारून पाणबुड्यांचे हल्ले पुन्हा सुरू केले, तेव्हा मात्र ६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिका युद्धात उतरली.

युद्धात उतरतानाच ते संपल्यावर काय करावयाचे, याचा विचार विल्सन करीत होते. ८ जानेवारी १९१८ रोजी त्यांनी अमेरिकेच्या कायदेमंडळापुढे चौदा कलमे मांडली. गुप्त करार होऊ नयेत, शस्त्रे कमी करावी, समुद्र सर्वांस मोकळा असावा, अशा गोष्टी त्यांत होत्या. शेवटचे, चौदावे कलम सर्वांत महत्त्वाचे होते. लहान असो वा मोठे, प्रत्येक राष्ट्राचे स्वातंत्र्य सुरक्षित राखण्यासाठी सर्व राष्ट्रांचा एक संघ स्थापन व्हावा, असे त्यात म्हटले होते. या कलमांची भाषांतरे देशोदेशी पसरली. खंदकांतील सैनिकांनी ती वाचली आणि पारतंत्र्यात पिचणाऱ्या लोकांनीही वाचली.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी तोफा थंडावल्या. चार वर्षांत सुमारे ९० लाख सैनिक मृत्युमुखी पडले होते. तहाची बोलणी पॅरिस येथे व्हावयाची होती, आणि तेथे आपण स्वतः जाण्याचे विल्सन यांनी ठरविले. अधिकारावर असताना युरोपात गेलेले ते पहिलेच अमेरिकन अध्यक्ष. पॅरिस, लंडन, रोम येथे त्यांच्या स्वागतास अफाट लोकसमुदाय लोटला. पण निघताना त्यांच्या हातून एक चूक घडली. त्याच महिन्यात झालेल्या निवडणुकीत अमेरिकेच्या कायदेमंडळात विरोधी रिपब्लिकन पक्षाला बहुमत मिळाले होते. तह मंजूर करण्याचा अधिकार सिनेट या वरिष्ठ सभागृहाचा. असे असूनही त्यांनी विरोधी पक्षाच्या एकाही वजनदार पुढाऱ्याला किंवा एकाही सिनेटराला आपल्याबरोबर घेतले नाही.

पॅरिसमध्ये फ्रान्सचे क्लेमांसो, ब्रिटनचे लॉइड जॉर्ज व इटलीचे ऑर्लांडो यांच्याशी त्यांची गाठ पडली. ज्यांच्या भूमीची राखरांगोळी झाली होती, त्यांना जर्मनीकडून भरपाई हवी होती. विल्सन यांनी अनेक बाबतींत माघार घेतली. एका बाबतीत घेतली नाही. राष्ट्रसंघाचा करार हा तहाचाच भाग असला पाहिजे, हा आग्रह त्यांनी शेवटास नेला. संघाचा मसुदा करणाऱ्या समितीचे ते स्वतः अध्यक्ष झाले. चेंडूफळीच्या संघाची घटना लिहिणाऱ्या त्या मुलाने आता जगाच्या घटनेवर हात ठेवला होता.

हा करार २६ कलमांचा होता. सर्व सभासद राष्ट्रांची एक सभा, मोठ्या व काही निवडलेल्या राष्ट्रांचे एक कौन्सिल आणि कायमचे सचिवालय, अशी त्याची रचना होती. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा हे संघाचे ठिकाण ठरले. तंटा उद्भवल्यास राष्ट्रांनी तो लवादाकडे, न्यायालयाकडे किंवा कौन्सिलकडे न्यावा आणि निर्णयानंतर तीन महिने लोटल्याखेरीज शस्त्र उचलू नये, असा नियम होता. नियम मोडणाऱ्या राष्ट्राशी इतरांनी व्यापार बंद करावयाचा होता. दहाव्या कलमान्वये प्रत्येक सभासदाने दुसऱ्याच्या भूमीचे परकी आक्रमणापासून रक्षण करण्याची हमी दिली होती. मात्र संघापाशी स्वतःचे सैन्य नव्हते आणि महत्त्वाच्या निर्णयास बहुधा सर्वांचे एकमत लागे. एका राष्ट्रानेही नकार दिला की काम अडत असे.

या समितीत जपानने सर्व वंशांच्या लोकांना समान मानण्याचे तत्त्व करारात घालावे, अशी सूचना आणली. १७ पैकी ११ मते तिच्या बाजूने पडली. पण एकमत नाही, या कारणास्तव अध्यक्षस्थानी असलेल्या विल्सन यांनी ती नामंजूर ठरविली. पारतंत्र्यातील देशांचीही निराशाच झाली. लोकमान्य टिळक त्या वेळी लंडनमध्ये होते. हिंदुस्थानातून १० लाखांहून अधिक माणसे या युद्धासाठी समुद्रापार गेली होती. तेव्हा स्वयंनिर्णयाचे तत्त्व हिंदुस्थानासही लागू व्हावे, असे त्यांनी विल्सन यांना पत्राने कळविले. विल्सन यांच्या चिटणीसाकडून सौजन्याचे उत्तर आले. योग्य वेळी योग्य अधिकारी या प्रश्नाचा विचार करतील, असा त्याचा आशय होता. पॅरिसला जाण्याचा परवाना टिळकांना ब्रिटिश सरकारने दिलाच नाही. हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा मूळ सभासद झाला खरा, पण त्याचे प्रतिनिधी निवडले ते परकी सरकारने.

२८ जून १९१९ रोजी व्हर्साय येथे तहावर सह्या झाल्या. आता उरली होती ती अमेरिकेच्या सिनेटची मान्यता. तीस दोनतृतीयांश मते आवश्यक होती. विरोधकांचे पुढारी हेन्री कॅबट लॉज यांचा मुख्य आक्षेप दहाव्या कलमावर होता. युद्ध पुकारण्याचा अधिकार अमेरिकेच्या कायदेमंडळाचा. तो राष्ट्रसंघाच्या हाती जाऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. काही अटी घालून तह स्वीकारण्यास अनेक सिनेटर तयार होते. पण अशा अटींनी कराराचा प्राणच जाईल, असे विल्सन यांस वाटले. ते तडजोडीऐवजी थेट जनतेकडे वळले.

३ सप्टेंबर १९१९ रोजी आगगाडीने ते देशाच्या दौऱ्यावर निघाले. प्रकृती ठीक नव्हती; डोके असह्य दुखत असे. डॉक्टरांनी त्यांना जाऊ नका म्हणून विनविले होते. बावीस दिवसांत सुमारे ८,००० मैलांचा प्रवास त्यांनी केला आणि ठिकठिकाणी भाषणे दिली. हा संघ उभा राहिला नाही, तर पुढच्या पिढीला याहूनही भयंकर युद्धास तोंड द्यावे लागेल, हे ते परोपरीने सांगत होते. २५ सप्टेंबर रोजी कोलोरॅडो राज्यातील प्वेब्लो येथील भाषणानंतर त्यांची शक्ती सरली. गाडी वॉशिंग्टनकडे परतविण्यात आली. २ ऑक्टोबर रोजी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला व डावे अंग लुळे पडले. त्यांच्या आजाराचे खरे स्वरूप राष्ट्रापासून लपविण्यात आले. त्यांच्या दुसऱ्या पत्नी एडिथ या कोणते कागद त्यांच्यापर्यंत न्यावयाचे, हे ठरवीत.

आजाऱ्याच्या खोलीतूनही त्यांनी आपला हट्ट सोडला नाही. अटींसह तह मंजूर करण्याऐवजी तो फेटाळा, असा आदेश त्यांनी आपल्या पक्षाच्या सिनेटरांना दिला. नोव्हेंबर १९१९ मध्ये तह नामंजूर झाला. १९ मार्च १९२० रोजी पुन्हा मतदान झाले. अटींसह तह स्वीकारण्याच्या बाजूने ४९ व विरुद्ध ३५ मते पडली. अवघी ७ मते कमी पडली. विल्सन यांच्याच पक्षाच्या २१ सिनेटरांनी त्यांचा शब्द मोडून तहाच्या बाजूने मत दिले होते; आणखी सातांनी तसे केले असते तर अमेरिका राष्ट्रसंघात गेली असती. जगातील राष्ट्रांना परस्परांसाठी थोडे थोडे सोडावयास शिकविणारा हा पुरुष स्वतःच्या देशबांधवांसाठी काही सोडावयास तयार झाला नाही. लॉज यांनीही पक्षाचा हेका पुढे रेटला. दोघांच्या झगड्यात हानी झाली ती जगाची.

राष्ट्रसंघ १० जानेवारी १९२० रोजीच अमेरिकेवाचून सुरू झाला होता. त्याच वर्षी विल्सन यांना इ. स. १९१९ चे नोबेल शांतता पारितोषिक जाहीर झाले. इ. स. १९२१ च्या मार्च महिन्यात ते निवृत्त झाले, आणि ३ फेब्रुवारी १९२४ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांनी देह ठेवला. जिनिव्हा येथील संघाच्या इमारतीस त्याच वर्षी त्यांचे नाव देण्यात आले.

संघाच्या पहिल्या दहा वर्षांत त्याच्या हातून चांगली कामे झाली. फिनलंड व स्वीडन यांच्यातील ऑलंड बेटांचा तंटा त्याने इ. स. १९२१ मध्ये मिटविला. इ. स. १९२५ मध्ये ग्रीसचे सैन्य बल्गेरियात घुसले, तेव्हा संघाच्या आज्ञेवरून ते मागे फिरले. नॉर्वेचे धाडसी संशोधक नान्सेन यांनी संघाच्या वतीने ४ लाखांहून अधिक युद्धकैदी आपापल्या घरी पोचविले व निर्वासितांसाठी ओळखपत्रे काढली.

परंतु लहान राष्ट्रांना थोपविणारा संघ मोठ्यांपुढे हतबल ठरला. इ. स. १९३१ मध्ये जपानने चीनचा मांचुरिया प्रांत बळकावला. संघाने चौकशीसाठी लॉर्ड लिटन यांचे मंडळ पाठविले. ते पूर्वी बंगालचे गव्हर्नर होते. त्यांच्या अहवालाचा आधार घेऊन संघाच्या सभेने फेब्रुवारी १९३३ मध्ये जपानला दोषी ठरविले. बाजूने ४२ मते पडली, विरुद्ध एकट्या जपानचे मत. जपानने संघाचा त्याग केला व मांचुरिया आपल्याच ताब्यात ठेवला. त्याच वर्षी हिटलरची जर्मनीही संघातून बाहेर पडली. इ. स. १९३५ मध्ये इटलीने अबिसिनियावर स्वारी केली. संघाने इटलीशी काही व्यापार बंद केला. पण ज्यावाचून रणगाडे व विमाने हललीच नसती, ते तेल बंद केले नाही. सुएझचा कालवाही इटलीच्या जहाजांस खुलाच राहिला. देश गमावलेला सम्राट हैले सेलासी ३० जून १९३६ रोजी जिनिव्हा येथे सभेपुढे उभा राहिला व त्याने करारातील शब्दांची आठवण करून दिली. पुढच्याच महिन्यात संघाने इटलीवरील निर्बंध उठविले. १ सप्टेंबर १९३९ रोजी दुसरे महायुद्ध सुरू झाले, तेव्हा जिनिव्हाकडे कोणाचे लक्षही नव्हते. विल्सन यांनी आगगाडीतून फिरताना दिलेला इशारा वीस वर्षांत खरा ठरला.

एकट्या अमेरिकेच्या गैरहजेरीने संघ बुडाला, असे म्हणता येणार नाही. जी राष्ट्रे आत होती, त्यांनीही दिलेला शब्द पाळण्याची वेळ आली तेव्हा आपापला स्वार्थ पाहिला. नियम कागदावर होते. ते पाळण्यासाठी तोटा सोसण्याची तयारी नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर जगाने तो विचार टाकून दिला नाही. २४ ऑक्टोबर १९४५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला आणि या वेळी अमेरिका आरंभापासून त्यात होती. एप्रिल १९४६ मध्ये जुन्या राष्ट्रसंघाची अखेरची सभा जिनिव्हास भरली आणि त्याने आपल्या इमारती व दप्तर नव्या संघाच्या हवाली केले. नव्या संघालाही सर्व युद्धे थांबविता आलेली नाहीत. तरी दोन राष्ट्रांत तंटा उद्भवला तर त्यांनी कोणाच्या दारी जावे, या प्रश्नास आज निदान एक दार आहे. त्या दाराची पहिली चौकट बसविणाऱ्यांत वुड्रो विल्सन यांचे नाव, त्यांच्या गुणांसह आणि दोषांसह, इतिहासात राहील.